मताच्या बदल्यात मत

पैसे घेऊन मत देणे हा गुन्हा आहे, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण दमडीही न घेता, नुसत्या मताच्या बदल्यात मत दिले तर? तुमच्या मतदारसंघात तुम्ही माझ्या पसंतीच्या उमेदवाराला मत द्या, माझ्याकडे मी तुमच्या उमेदवाराला देतो. ओळख नाही, भेट नाही, इंटरनेटवर जोडी जुळली आणि शब्द दिला-घेतला, एवढेच. याला लाच म्हणायचे, सौदा म्हणायचे, की दोन नागरिकांनी मिळून ठरवलेले राजकारण?

अमेरिकेत २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या तोंडावर हा प्रश्न उभा राहिला आणि त्याचे उत्तर मिळायला सात वर्षे लागली. तेही अर्धेच मिळाले.

अदलाबदल करावीशी का वाटते

अमेरिकेचा अध्यक्ष देशभरातल्या मतांच्या बेरजेवर ठरत नाही. प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक इलेक्टोरल मते असतात. एकूण मते ५३८, जिंकायला २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये सोडली, तर राज्यात ज्याला एक मत जास्त त्याच्या पदरात त्या राज्याची सगळी इलेक्टोरल मते पडतात. त्यामुळे टेक्सासमधल्या डेमोक्रॅट मतदाराचे किंवा मॅसॅच्युसेट्समधल्या रिपब्लिकन मतदाराचे मत मोजले जाते, पण निकालावर त्याचा ओरखडाही उठत नाही. खरी लढाई मोजक्या काठावरच्या राज्यांत होते.

२००० साली रिपब्लिकन जॉर्ज बुश आणि डेमोक्रॅट अल गोर यांच्यात चुरस होती. तिसरे होते ग्रीन पार्टीचे राल्फ नेडर. नेडर जिंकणार नाहीत हे त्यांचे समर्थकही जाणून होते. त्यांचे लक्ष्य वेगळे होते. देशभरात पाच टक्के मते मिळाली, की पुढच्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी पक्षाला सरकारी निधी मिळण्याचा मार्ग खुला होतो. हे पाच टक्के कुठल्या राज्यातून आले याला महत्त्व नव्हते. गोर यांना मात्र मते नेमक्या राज्यांतच हवी होती.

फ्लोरिडातल्या नेडर समर्थकाची कोंडी इथे सुरू होते. नेडरना मत द्यावे तर बुश येतात, गोरना द्यावे तर आपला पक्ष मरतो. तिकडे टेक्सासमधला गोर समर्थक वैतागलेला असतो, कारण त्याच्या मताने तिथे काहीच हलणार नसते. या दोघांनी हातमिळवणी केली, तर फ्लोरिडात गोरना एक मत वाढते, नेडर यांच्या देशभरातल्या बेरजेत एकही कमी होत नाही आणि दोघांचीही कोंडी सुटते.

मराठी वाचकाला ही कोंडी नवी नाही. ‘मते खाणारा उमेदवार’ हा आपल्याकडच्या प्रत्येक निवडणुकीतला ठरलेला आरोपी असतो. २०१९ च्या लोकसभेत नांदेडला अशोक चव्हाण चाळीस हजारांच्या आसपास मतांनी पडले आणि वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला तिथे दीड लाखाहून अधिक मते मिळाली. त्यावरून कोणी कोणाची मते खाल्ली, हा वाद पुढे कितीतरी दिवस चालला. नेडर यांच्यावरचा आरोपही हाच आणि तितकाच वादग्रस्त. फ्लोरिडात बुश जिंकले ५३७ मतांनी, तर नेडरना तिथे ९७,४८८ मते पडली होती. न्यू हॅम्पशायरमध्ये बुश यांची आघाडी ७,२११ ची आणि नेडर यांची मते बावीस हजारांवर. या दोहोंपैकी एक राज्य जरी गोर यांच्याकडे गेले असते, तरी अध्यक्ष ते झाले असते.

संकेतस्थळ नेमके काय करत होते

ऑक्टोबर २००० मध्ये जेमी रास्किन या कायद्याच्या प्राध्यापकांनी ‘स्लेट’ या इंटरनेटवरच्या नियतकालिकात अदलाबदलीची कल्पना मांडली. (हेच रास्किन पुढे मेरीलँडमधून काँग्रेसवर निवडून गेले आणि २०२१ मध्ये ट्रम्प यांच्यावरच्या दुसऱ्या महाभियोगात त्यांनी प्रतिनिधिगृहाची बाजू मांडली.) त्याच सुमारास अशी संकेतस्थळे भराभर निघाली. त्यातली दोन न्यायालयीन इतिहासात राहिली: व्होटस्वॅप२००० आणि व्होटएक्सचेंज२०००.

त्यांची रचना अगदी साधी होती. आपले राज्य कुठले, आपली पसंती कोण आणि ई-मेलचा पत्ता काय, एवढे भरायचे. काठावरच्या राज्यातला नेडर समर्थक आणि निकाल ठरल्यासारख्या राज्यातला गोर समर्थक अशी जोडी यंत्रणा जुळवायची आणि दोघांना एकमेकांचे पत्ते कळवायची. पुढे त्या दोघांनी एकमेकांना लिहावे, बोलावे, पटले तर शब्द द्यावा. पैसे नाहीत, करारपत्र नाही, मत दिल्याचा पुरावा मागण्याची सोय नाही. मतदान गुप्त असल्याने समोरच्याने शब्द पाळला की नाही, हे कधीच कळणार नव्हते. व्होटस्वॅप२००० वर थोड्याच दिवसांत सुमारे पाच हजार अदलाबदली ठरल्या.

हा आकडा आणि फ्लोरिडातला ५३७ चा आकडा शेजारी ठेवला, की पुढच्या घटनांचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

३० ऑक्टोबरचे पत्र

कॅलिफोर्नियात निवडणुकांचा कारभार सेक्रेटरी ऑफ स्टेट या निवडून आलेल्या पदाधिकाऱ्याकडे असतो. त्या वेळी हे पद रिपब्लिकन पक्षाच्या बिल जोन्स यांच्याकडे होते. मतदानाला आठवडाभर उरला असताना, ३० ऑक्टोबरला, त्यांनी व्होटस्वॅप२००० च्या चालकांना पत्र धाडले. तुम्ही मतांची दलाली करत आहात, हे राज्याच्या निवडणूक कायद्यातल्या लाचविरोधी कलमांचे उल्लंघन आहे आणि गुन्हेगारी कटही आहे. ताबडतोब थांबवा, नाहीतर खटला भरू, असा त्या पत्राचा सूर होता.

संकेतस्थळ त्याच दिवशी बंद झाले. व्होटएक्सचेंज२००० ला पत्र मिळाले नव्हते, पण शेजारच्याला मिळालेले पाहून त्यांनीही गाशा गुंडाळला. फौजदारी खटल्याची धमकी ही अशी लांबपर्यंत पोचते, आणि ज्याला प्रत्यक्ष दिलेली नसते तोही गप्प बसतो. न्यायालयाने पुढे या परिणामाची दखल घेतली.

जोन्स यांनी बोट ठेवलेल्या कलमांचा आशय असा, की मत देण्यासाठी किंवा विशिष्ट उमेदवाराला मत देण्यासाठी पैसे वा अन्य मोलाचा मोबदला देणे-घेणे गुन्हा आहे. आता सगळा वाद ‘मोबदला’ या शब्दाभोवती फिरू लागला. मला तुमचे मत मिळाले, हा मोबदला झाला का?

गावाकडच्या वाचकाला इथे सावड आठवेल. आज तुम्ही माझ्या रानात राबायचे, उद्या मी तुमच्या. तिथे मजुरी दिली-घेतली असे कोणी म्हणत नाही, पण दोघांचे काम होते. काहीच दिले-घेतले नाही, असेही म्हणता येत नाही. जोन्स यांच्या बाजूने बोलायचे तर त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता.

सात वर्षांनी लागलेला निकाल

संकेतस्थळांचे चालक आणि काही मतदार नागरी स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या एसीएलयू या संघटनेच्या मदतीने न्यायालयात गेले. मतदानापूर्वी तातडीचा दिलासा मिळाला नाही. निवडणूक झाली, फ्लोरिडाची फेरमोजणी सर्वोच्च न्यायालयात गेली, बुश अध्यक्ष झाले. आता या खटल्यात उरले काय, असा प्रश्न होता. २००३ मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे तिकडच्या न्यायालयीन विभागाच्या, अपील न्यायालयाने सांगितले, की वाद संपलेला नाही, पुढच्या निवडणुकीत हेच पुन्हा घडू शकते. खटला पुन्हा खाली गेला आणि पुन्हा वर आला. अखेर ऑगस्ट २००७ मध्ये ‘पोर्टर विरुद्ध बोवेन’ या नावाने निकाल लागला. तोवर जोन्स यांच्या जागी डेब्रा बोवेन आल्या होत्या, म्हणून खटल्याला त्यांचे नाव. ज्या निवडणुकीसाठी भांडण सुरू झाले, त्यातून अध्यक्ष झालेल्या बुश यांची दुसरी टर्मही अर्ध्याहून अधिक सरली होती.

न्यायाधीश रेमंड फिशर यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा असा. मतदार एकमेकांशी बोलतात, आपले प्राधान्य सांगतात, सोबत मिळून काय साधता येईल ते ठरवतात, हे राजकीय अभिव्यक्तीच आहे. त्यांची गाठ घालून देणारी यंत्रणाही त्याच संरक्षणात येते. पैशासाठी मत विकणारा, आपण विकाऊ आहोत यापलीकडे कुठलाही विचार मांडत नाही. अदलाबदल करणारे दोघे मात्र काहीतरी सांगत असतात: आम्हाला गोर हवेत, नेडर यांचा पक्षही जगायला हवा, आणि या निवडणूक पद्धतीत दोन्ही एकदम मागता येत नाही. यात खासगी फायदा कोणाचाच नाही. ज्याच्या खिशात काही पडत नाही, फक्त निवडणुकीचा निकाल आपल्या मनासारखा लागण्याची शक्यता वाढते, त्याला लाचखोर म्हणता येणार नाही.

याला आधार होता सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या ‘ब्राउन विरुद्ध हार्टलेज’ या निकालाचा. केंटकीतल्या एका उमेदवाराने प्रचारात जाहीर केले होते, की निवडून आलो तर या पदाचा पगार कमी घेईन. करदात्यांचे पैसे वाचवण्याचे हे आश्वासन म्हणजे मतदारांना दिलेली लाच, असे ठरवून राज्याच्या न्यायालयाने त्याची निवड रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. मतदाराला काही ना काही लाभ होईल असे प्रत्येक आश्वासन लाच ठरवले, तर निवडणुकीत बोलायलाच काही उरणार नाही, अशी त्यामागची समज होती.

कॅलिफोर्निया सरकारने तीन भीती मांडल्या होत्या. पहिली भ्रष्टाचाराची. ती पैशाविना लागूच होत नव्हती. दुसरी अशी, की अदलाबदलीने इलेक्टोरल कॉलेजची घटनात्मक रचना पोकळ होते. हेही न्यायालयाला पटले नाही. फ्लोरिडाची इलेक्टोरल मते फ्लोरिडाच्याच मतदारांनी ठरवली. कोणी दुसऱ्या राज्यात जाऊन मतदान केले नाही, कोणत्या राज्याचे वजन वाढले नाही की घटले नाही. तिसरी भीती फसवणुकीची. ती खरी होती, तिच्याकडे पुढे वळतोच. पण त्यासाठी आख्खी संकेतस्थळेच बंद पाडणे म्हणजे गरजेपेक्षा कितीतरी जास्त झाले, असे न्यायालय म्हणाले.

जोन्स यांना मात्र नुकसानभरपाई द्यावी लागली नाही. २००० साली हा हक्क कायद्यात स्पष्ट झालेलाच नव्हता, त्यामुळे अधिकाऱ्याला त्याच्या उल्लंघनासाठी वैयक्तिक जबाबदार धरता येत नाही, असा तिथला दंडक आहे. म्हणजे हक्क मान्य झाला, पण तो ज्यांचा तुडवला गेला त्यांच्या हाती काही लागले नाही. २००८ मध्ये मोठ्या पीठापुढे फेरसुनावणी घेण्यासही नकार मिळाला. न्यायाधीश अँड्र्यू क्लाइनफेल्ड यांनी त्यावर आपली असहमती नोंदवली.

हा निकाल बंधनकारक आहे तो नवव्या सर्किटमधल्या कॅलिफोर्निया, ॲरिझोना, नेवाडा, ओरेगॉन, वॉशिंग्टन अशा नऊ राज्यांत आणि पॅसिफिकमधल्या गुआमसारख्या प्रदेशांत. इतरत्र तो वजनदार दाखला आहे, कायदा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर निकाल दिलेला नाही. तरीही २००७ नंतरच्या निवडणुकांत अदलाबदलीची व्यासपीठे उघडपणे चालली ती याच निकालाच्या भरवशावर. २०१६ मध्ये तर ती मोबाईल ॲपवर आली. त्या वर्षी मिशिगनमध्ये ट्रम्प १०,७०४ मतांनी जिंकले आणि ग्रीन पार्टीच्या जिल स्टाइन यांना तिथे एक्कावन्न हजारांवर मते होती, हे पाहिले की या ॲपना गिऱ्हाईक का मिळाले ते कळते.

पैसा आला की कायदा जागा होतो

अदलाबदलीला मोकळीक मिळाली म्हणून मतांचा बाजार मांडायला परवानगी मिळाली, असे नव्हे. केंद्रीय कायद्यानुसार मतदानासाठी पैसे देणे, देऊ करणे किंवा घेणे याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

त्याच २००० साली व्होटऑक्शन नावाचे आणखी एक संकेतस्थळ निघाले होते. न्यूयॉर्क राज्यातल्या एका विद्यार्थ्याने ते उपहास म्हणून सुरू केले: बडे देणगीदार नाहीतरी निवडणुका विकत घेतातच, मग मतदाराने आपले मत थेट लिलावात का काढू नये? पुढे ते ऑस्ट्रियातल्या मंडळींच्या ताब्यात गेले. शिकागोच्या निवडणूक मंडळाने इलिनॉयच्या न्यायालयातून त्यावर मनाई हुकूम आणला. विनोद होता की नव्हता, याची न्यायालयाला फिकीर नव्हती. लिलाव होता, एवढे पुरले.

२००८ मध्ये मिनेसोटातल्या एका कॉलेजच्या पोराने आपले मत ईबेवर विक्रीला ठेवले. सुरुवातीची बोली दहा डॉलर. त्याच्यावर १८९३ च्या कायद्याखाली गुन्हा दाखल झाला आणि प्रकरण अखेर समाजसेवेच्या तासांवर मिटले. त्याच वर्षी स्टारबक्सने मत देऊन आलेल्यांना कॉफी फुकट देण्याचे जाहीर केले. अमुक एकाला मत द्या अशी अट त्यात नव्हती, तरी मतदान केल्याबद्दल काही देणे हेच कायद्यात बसत नाही, हे कोणीतरी दाखवून दिले. मग मागेल त्या प्रत्येकाला कॉफी देऊन कंपनीने सुटका करून घेतली.

एका कपभर कॉफीला हा न्याय. आणि २०२४ मध्ये इलॉन मस्क यांच्या राजकीय समितीने सात काठावरच्या राज्यांतल्या नोंदणीकृत मतदारांपैकी एका विनंतिपत्रावर सही करणाऱ्यांतून रोज एकाला दहा लाख डॉलर द्यायला सुरुवात केली. न्याय विभागाने इशारा दिला. फिलाडेल्फियाच्या सरकारी वकिलांनी ही बेकायदा लॉटरी असल्याचे म्हणत दावा लावला. मतदानाच्या आदल्या दिवशी न्यायाधीशांनी ती थांबवायला नकार दिला. सुनावणीत मस्क यांच्या बाजूने असे सांगण्यात आले, की विजेते नशिबावर निवडलेच जात नाहीत, आधी हेरूनच घेतले जातात. म्हणून ही लॉटरी नव्हेच. पैसा मताला नाही, सहीला दिला होता, आणि एवढ्या फटीतून दहा लाखांचे धनादेश सहज निघून गेले. पाच हजार अनोळखी लोकांनी फुकटात दिलेल्या शब्दांवर फौजदारीची धमकी आणि इथे हे. कायद्याचा धाक कोणाला वाटतो, याचा याहून चांगला नमुना मिळणार नाही.

शब्द फिरवला तर?

फसवणुकीची भीती खरी आहे, असे वर म्हटले. एखादा गोर समर्थक स्वतःला टेक्सासचा मतदार म्हणवून दहा वेगवेगळ्या ई-मेलवरून फ्लोरिडातल्या दहा नेडर समर्थकांशी अदलाबदल ठरवू शकतो. नेडर यांची दहा मते फिरतात, बदल्यात त्यांना काहीच मिळत नाही. उलट दिशेनेही हेच करता येते. यावर संकेतस्थळाजवळ फारसा इलाज नसतो. नंतर आलेल्या काही व्यासपीठांनी फेसबुकसारख्या खात्यांतून ओळख पटवायला सुरुवात केली, पण खोटे खाते उघडायला वेळ तो किती लागतो?

फसलेला मतदार न्यायालयातही जाऊ शकत नाही. मत कोणाला द्यायचे याचा करार कुठलेही न्यायालय अमलात आणणार नाही. पडद्यामागे गेल्यावर बटण कोणते दाबायचे, हे शेवटपर्यंत ज्याचे त्याच्याकडे.

माझ्या मते हीच या प्रकाराची सगळ्यात भक्कम बाजू आहे. मतखरेदी मुळात मोडली ती गुप्त मतदानाने. ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींनी १८५६ मध्ये छापील मतपत्रिकेची गुप्त पद्धत आणली, ब्रिटनने १८७२ मध्ये, अमेरिकेतल्या राज्यांनी १८८८ पासून पुढे. माल मिळाला की नाही हे गिऱ्हाइकाला कळायचेच बंद झाले, तेव्हा दर पडले. अदलाबदलही याच गुप्ततेच्या आत राहते. तिथे दबाव टाकायला जागा नाही.

ही गुप्तता मोबाईलच्या कॅमेऱ्याने मात्र भुसभुशीत केली आहे. मतपत्रिकेसोबत काढलेला सेल्फी जोडीदाराला पाठवला, की शब्दाला पुरावा मिळतो. न्यू हॅम्पशायरने अशा सेल्फीवर घातलेली बंदी २०१६ मध्ये पहिल्या सर्किटच्या अपील न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाखाली रद्द केली. काही राज्यांत बंदी आहे, काहींत नाही. दोन सज्जनांसाठी सेल्फी ही विश्वासाची खूण असेल. पण तोच सेल्फी उद्या मालक नोकराकडे किंवा नवरा बायकोकडे मागू शकतो. अदलाबदलीला माझा आक्षेप नाही, पुराव्याला आहे.

सभागृहात हे रोजचेच

मतदारांनी केले की जे दलाली ठरते, ते लोकप्रतिनिधींनी केले की परंपरा ठरते. विरुद्ध मतांचे दोन सदस्य ‘जोडी’ लावतात: तू गैरहजर, म्हणून मीही मत देत नाही. ६ ऑक्टोबर २०१८ ला ब्रेट कॅव्हनॉ यांच्या सर्वोच्च न्यायालयावरील नेमणुकीवर सिनेटमध्ये मतदान होते. माँटानाचे स्टीव्ह डेन्स बाजूने मत देणार होते, पण त्याच दिवशी त्यांच्या मुलीचे लग्न. अलास्काच्या लिसा मर्कोव्स्की विरोधात होत्या. त्यांनी नुसते ‘हजर’ म्हटले आणि डेन्स यांना मांडवातून हलावे लागले नाही. नेमणूक ५० विरुद्ध ४८ मतांनी मंजूर झाली.

त्याच वर्षी जुलैत ब्रिटनच्या संसदेत अशी एक जोडी मोडली. लिबरल डेमोक्रॅट जो स्विन्सन बाळंतपणाच्या रजेवर होत्या आणि त्यांचे जोडीदार, हुजूर पक्षाचे अध्यक्ष ब्रँडन लुईस, यांनी चुरशीच्या ठरावांवर मत देऊन टाकले. गदारोळ झाला, लुईस यांनी माफी मागितली, विषय संपला. तिथेही शब्द मोडल्याला शिक्षा नाही, फक्त नाचक्की आहे.

डॉर्सेट आणि ओटावा

ब्रिटनमध्ये इलेक्टोरल कॉलेज नाही, पण मतदारसंघात एकाने जास्त मते घेतली की तो विजयी, ही पद्धत आपल्यासारखीच. २००१ मध्ये गायक बिली ब्रॅग यांनी आपल्या डॉर्सेट परगण्यात हुजूर पक्षाला हटवण्यासाठी अदलाबदलीची मोहीम चालवली. दक्षिण डॉर्सेटमध्ये मजूर पक्षाला संधी होती, पश्चिमेत लिबरल डेमोक्रॅटना. दोन्हीकडच्या समर्थकांनी मतांची फिरवाफिरव करायची. दक्षिणेत आधीच्या वेळी ७७ मतांनी हरलेला मजूर पक्ष या वेळी १५३ मतांनी जिंकला. पश्चिमेत ऑलिव्हर लेटविन १,४१४ मतांनी तरले. अदलाबदलीमुळेच हे झाले असे छातीठोक सांगता येत नाही. तेव्हापासून तिथे हा प्रकार उघडपणे चालत आला आहे.

कॅनडात २००८ मध्ये स्टीफन हार्पर यांच्या विरोधात फेसबुकवर अदलाबदलीचा गट निघाला. तिथल्या निवडणूक यंत्रणेने तपासून सांगितले, की पैसा किंवा अन्य लाभ नसेल तर निव्वळ अदलाबदल कायद्याच्या आड येत नाही.

आपल्याकडे

अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसांना वरचा कायदा आपापल्या राज्यानुसार लागू होतो, आणि न्यू जर्सीत राहणाऱ्याला टेक्सासच्या डेमोक्रॅटसारखीच आपले मत वाया जात असल्याची भावना चांगली ठाऊक असते. पण साताऱ्याच्या मतदाराने ठाण्याच्या मतदाराशी अशी अदलाबदल ठरवली तर?

भारतीय न्याय संहितेचे कलम १७० (जुन्या दंडविधानातले १७१-ब) निवडणुकीतल्या लाचेची व्याख्या करते. मताधिकार अमुक प्रकारे वापरावा म्हणून कोणाला ‘परितोषण’ देणे किंवा घेणे, दोन्ही गुन्हा. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२३ तर स्पष्टच सांगते, की परितोषण म्हणजे केवळ पैसा किंवा पैशात मोजता येणारी गोष्ट नव्हे. शब्द इतका ऐसपैस असल्याने अमेरिकी निकाल उचलून इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. दुसरीकडे, धोरणाची घोषणा किंवा सार्वजनिक कृतीचे आश्वासन लाच ठरत नाही, अशी सूट संहितेच्या कलम १७० मध्येच आहे, आणि २०१३ च्या बालाजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जाहीरनाम्यातल्या मोफत वस्तूंच्या आश्वासनाला कलम १२३ खाली भ्रष्ट आचार मानायला नकार दिला. टीव्ही आणि मिक्सरचे आश्वासन चालते, मग एका मताच्या बदल्यात दुसऱ्या मताचे का चालू नये, असा युक्तिवाद एखादा चांगला वकील नक्की करेल.

आपल्याकडे मतदारांना हे करायची गरज मात्र फारशी पडलेली नाही, कारण पक्षच ते घाऊक भावात करतात. आघाडी होते, जागावाटप होते, अमुक मतदारसंघात आमची मते तुम्हाला आणि तमुक ठिकाणी तुमची आम्हाला. निकालानंतर ‘मित्रपक्षाची मते आमच्याकडे वळलीच नाहीत’ ही तक्रार होते, म्हणजे इथेही शब्द पाळला जाईल याची हमी नाहीच. याला कोणी लाच म्हणत नाही. मतदानाच्या आदल्या रात्री वस्तीवर होणाऱ्या लक्ष्मीदर्शनाच्या शेजारी ठेवले, तर दोन मतदारांची फुकटातली अदलाबदल ही फारच सोवळी गोष्ट ठरेल.

दुसरी पसंती

अदलाबदल हा निवडणूक पद्धतीतल्या एका दोषावरचा मतदारांनी शोधलेला घरगुती उपाय आहे. मुळावरचा उपाय म्हणजे पसंतीक्रम. मतपत्रिकेवर पहिली पसंती नेडर, दुसरी गोर असे लिहिता आले असते, तर नेडर बाद झाल्यावर मत आपोआप गोरकडे गेले असते आणि फ्लोरिडातल्या माणसाला टेक्सासमधला अनोळखी जोडीदार शोधावा लागला नसता. आपले आमदार राज्यसभेच्या निवडणुकीत पसंतीक्रमानेच मत देतात. सामान्य मतदाराला ती सोय नाही.

मेन राज्याने २०२० मध्ये अध्यक्षीय निवडणुकीत ही पद्धत पहिल्यांदा वापरली. अलास्कानेही ती स्वीकारली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ती रद्द करण्याचा प्रस्ताव तिथे साडेसातशेहून कमी मतांनी फेटाळला गेला. त्याच दिवशी कोलोरॅडो, आयडाहो, नेवाडा आणि ओरेगॉन या चार राज्यांच्या मतदारांनी मात्र पसंतीक्रमाला नकार दिला. त्यांतली शेवटची तीन राज्ये नवव्या सर्किटमध्ये येतात, त्यामुळे तिथल्या मतदाराला निदान अदलाबदल तरी बिनधोक करता येईल.